ठिपकेदार एनॅमल आणि स्टोनवेअरची भांडी: टवका न उडवता, तडा न जाऊ देता कशी वापरायची

एनॅमलच्या पातेल्याचा टवका उडाला की दोष पातेल्याच्या माथी मारला जातो. स्टोनवेअरच्या वाडग्याला तडा गेला की "माल हलका निघाला" म्हणून आपण मोकळे होतो. कधीकधी माल खरंच हलका असतो. पण ही भांडी स्वयंपाक चालू असताना फारशी बिघडत नाहीत. बिघडतात ती आचेवर चढवताना, उतरवताना, धुताना आणि कपाटात रचताना. म्हणून या लेखात पदार्थांपेक्षा क्रमाला जास्त जागा दिली आहे. आधी काय, मग काय, आणि दोन्हींच्या मध्ये किती वेळ थांबायचं, एवढं सांभाळलं तर ही भांडी वर्षानुवर्षं टिकतात.

नियम पाठ करण्यापेक्षा कारण समजून घेणं सोपं. एनॅमल हा रंग नव्हे, ती काच आहे. काचेची बारीक पूड पोलादी पत्र्यावर किंवा बिडावर पसरून साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसला वितळवली की ती धातूला घट्ट धरून बसते. ठिपके दिसतात तेही त्याच काचेचे, वेगळ्या रंगाचे शिंतोडे. स्टोनवेअरवरचं ग्लेझ हीसुद्धा काचच, फक्त ती धातूऐवजी १२०० ते १३०० अंशांना भाजलेल्या मातीवर बसलेली असते. काच दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र तिला सोसत नाही. तापलेल्या भांड्यावर गार पाणी पडलं की वरची काच झटकन आकसू पाहते, खालचं अंग अजून गरम आणि फुगलेलं असतं, आणि त्या ओढाताणीत काच फाटते. पुढची प्रत्येक सूचना या एका गोष्टीपाशी येऊन थांबते.

टप्पा १: हातात नेमकं काय आहे ते ओळखा

इथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. ठिपके दिसले म्हणजे एनॅमल, असं नाही. "ग्रॅनाइट" किंवा "स्टोन" अशा नावाने विकली जाणारी कित्येक ठिपकेदार भांडी अ‍ॅल्युमिनियमवर नॉनस्टिक थर दिलेली असतात. त्यांचे नियम वेगळे, आणि करपलेलं काढायला पुढे सांगितलेली, सोडा उकळून लाकडी उलथण्याने ढकलायची रीत त्यांना लावली तर थर निघून येईल.

ओळखायचं असं: भांडं खिडकीजवळ धरून आतल्या पृष्ठभागावर उजेडाचं प्रतिबिंब पाहा. एनॅमलमध्ये ते काचेसारखं कडक, रेखीव दिसतं. नॉनस्टिकवर पसरट, मेणचट दिसतं आणि पाण्याचा थेंब गोळा होऊन घरंगळतो. मग भिंतीला चुंबक लावा. चिकटला तर आत पोलाद किंवा बीड आहे. वजनाने जड आणि भिंत जाड असेल तर बीड, हलकं आणि पातळ असेल तर पोलादी पत्रा. ठिपकेदार एनॅमल बहुतेक पत्र्यावरच येतं.

मातीच्या भांड्याला उलटं करा. तळाच्या कडीवर, म्हणजे ज्या गोल कडेवर ते टेकतं तिथे, सहसा ग्लेझ नसतं. खरी माती तिथे दिसते. ती दाट, दगडासारखी आणि नखाने अजिबात न उकरणारी असेल तर स्टोनवेअर असण्याची शक्यता जास्त. खडूसारखी मऊ वाटली, ओलं बोट लावल्यावर ओल लगेच शोषली गेली, तर ती कमी आचेवर भाजलेली सच्छिद्र माती आहे.

अंदाजावर राहायचं नसेल तर वजनकाट्याने मोजा. भांडं उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये पूर्ण वाळवून गार होऊ द्या आणि वजन घ्या. चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा. बाहेर काढून फडक्याने नीट पुसा आणि लगेच पुन्हा वजन घ्या. समजा कोरडं वजन ६४० ग्रॅम होतं आणि भिजल्यावर ६५६ भरलं. १६ ग्रॅम पाणी मुरलं, म्हणजे २.५ टक्के. तीन टक्क्यांच्या आतलं भांडं रोजच्या वापराला चांगलं. पाचच्या वर गेलं तर ते सच्छिद्र मातीचं समजा: त्यात ओलं अन्न साठवू नका, डिशवॉशर टाळा, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. भांडं सगळीकडून ग्लेझ केलेलं असेल तर पाणी फक्त तळाच्या कडीतून शिरतं, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा थोडा कमी येतो हे लक्षात ठेवा.

> तपासा: हवेत धरून बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा खणखणीत नाद आला तर अंग सलग आहे. बद्द, फुटका आवाज आला तर डोळ्यांना न दिसणारी चीर कुठेतरी आहे. एनॅमलच्या पत्र्याला ही परीक्षा लागू नाही.

टप्पा २: ठिपक्यांमध्ये लपलेले दोष शोधा

ठिपकेदार नक्षीचा तोटा हा की ती दोष लपवते. पांढऱ्या पातेल्यावर टवका लांबून दिसतो. निळ्या-पांढऱ्या किंवा काळ्या-करड्या ठिपक्यांत तो आणखी एक ठिपका होऊन बसतो. म्हणून हे भांडं डोळ्यांनी नाही, नखाने तपासायचं.

आतला पृष्ठभाग, काठ, कानांचे जोड आणि तोटी असेल तर तिचं मूळ, या सगळ्यावरून नख सावकाश फिरवा. ठिपका काचेत विरघळलेला असेल तर नख सुळकन पुढे जातं. टवका असेल तर अडकतं. मग टॉर्च तिरकी धरून तोच भाग पाहा. खड्ड्याच्या एका कडेला बारीक सावली पडते.

संशय तरीही फिटत नसेल तर पांढऱ्या टिश्यूपेपरची घडी ओली करून त्या जागेवर दाबून रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर तांबूस डाग उमटला तर खाली पोलाद उघडं आहे.

काठावर किंवा बुडाला टाचणीच्या डोक्याएवढ्या दोन-तीन खुणा सापडल्या तर लगेच घाबरू नका. भट्टीत भांडं टोकदार आधारांवर ठेवतात, त्याच्या त्या खुणा. दोष नव्हे, पण काच तिथे पातळ असते, म्हणून त्या जागा धुतल्यावर कोरड्या करायच्या.

परत करावं असा दोष वेगळा असतो. नखाच्या चंद्रासारखे छोटे, अर्धगोल टवके एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसले तर समजा की पत्र्यातच घोळ आहे. भाजताना पोलादात शोषला गेलेला हायड्रोजन नंतर बाहेर पडू पाहतो आणि काचेला आतून ढकलतो. हे टवके भांडं भट्टीतून निघाल्यावर काही दिवसांनीही उडू शकतात, कोणी हात न लावता. अशा भांड्याची काळजी घेऊन काही उपयोग नाही. वापरायच्या आधी परत द्या.

स्टोनवेअरवरचे तपकिरी ठिपके बहुधा मातीतल्या लोहाचे असतात. भट्टीत ते वितळून ग्लेझमधून वर डोकावतात. घासून जाणार नाहीत आणि जायला नकोतही. त्यांच्यावर नख अडकत नाही. नख अडकलं तर ते ग्लेझमधलं छिद्र आहे. बाहेरच्या बाजूला असेल तर चालवून घ्या, आत असेल तर अन्न तिथे साचत राहील.

ग्लेझला केसासारख्या बारीक चिरांचं जाळं आहे का, हे नव्या भांड्यात चटकन कळत नाही. कडक काळा चहा ओतून दहा मिनिटं ठेवा, मग धुवा. जाळं असेल तर रेषा तपकिरी होऊन उठून दिसतील.

> सावधान: जुनं, कुठून आलं ते माहीत नसलेलं, आतून भडक रंगवलेलं मातीचं भांडं खाण्यासाठी वापरू नका. ग्लेझमधून शिसं आणि कॅडमियम सुटतं का हे प्रयोगशाळेत ४ टक्के अ‍ॅसिटिक आम्लात २२ अंशांना चोवीस तास ठेवून मोजतात. घरी नुसतं पाहून ते सांगता येत नाही. आंबट पदार्थ आणि लांब साठवण ही दोन्ही धोक्याची टोकं त्या चाचणीतच दिसतात.

टप्पा ३: पहिल्या वापराची तयारी

लेबल आधी काढा आणि त्याचा डिंकही. डिंक तसाच ठेवून भांडं आचेवर चढवणं ही फार सामान्य चूक आहे. तो तापून काचेवर तपकिरी पापुद्र्यासारखा बसतो आणि मग आठवडाभर घासत बसावं लागतं. ब्लेड वापरू नका. खाण्याचं तेल आणि खायचा सोडा सारख्या प्रमाणात कालवून डिंकावर लावा, अर्धा तास ठेवा आणि बोटाने चोळा.

नंतर कोमट पाणी आणि साधा भांडी घासायचा साबण. बारीक धूळ आणि पॅकिंगचा भुसा काठाच्या खाचेत अडकतो, तिथे जुना दातब्रश उपयोगी पडतो.

एनॅमलची पहिली तापवणी अशी करा: दोन तृतीयांश पाणी भरा, सगळ्यात मंद आच ठेवा, दहा मिनिटं तापू द्या, मग मध्यम करून उकळी आणा. आच बंद करा आणि पाणी आत असतानाच भांडं कोमट होऊ द्या. याने काच मजबूत होते असं मुळीच नाही. काठाच्या किंवा कानांच्या जोडाशी ढिली काच असेल तर ती अन्नात पडण्याआधी पाण्यात पडते, एवढाच हेतू. ते पाणी पांढऱ्या थाळीत ओतून पाहा. चकाकणारे कण दिसले तर भांडं परत करा.

स्टोनवेअरला तेल लावून "सीझन" करण्याची गरज नाही. ती पद्धत बिनग्लेझच्या मातीच्या भांड्यांची. ग्लेझवर तेल भाजलं तर चिकट पिवळा थर चढतो, बाकी काही होत नाही.

मात्र तळाची कडी एकदा घासून घ्या. ती खरबरीत असते आणि खाली ठेवलेल्या दुसऱ्या ग्लेझवर, ओट्यावर, काचेच्या शेगडीवर ओरखडे काढते. ४०० नंबरचा पाण्याने वापरायचा सँडपेपर सपाट जागी ठेवा, कडी ओली करा आणि भांडं गोल-गोल फिरवत एक-दोन मिनिटं घासा. कोरडं घासू नका. मातीची ती धूळ फुप्फुसात जाऊ नये.

टप्पा ४: आचेवर एनॅमल

क्रम नीट पाहा, कारण चूक नेहमी पहिल्या मिनिटात होते.

१. आधी भांड्यात तेल, पाणी किंवा पदार्थ, मग आच. पातळ पत्र्याचं रिकामं पातेलं मोठ्या आचेवर अर्ध्या मिनिटात एका ठिकाणी भलतंच तापतं. स्टीलच्या भांड्याला ते खपतं, कारण त्यावर काच नसते.

२. ज्योत बुडाच्या बाहेर जाऊ देऊ नका. कडेने वर चढणारी ज्योत भिंत तापवते आणि पदार्थ असतो बुडाला. भिंत कोरडी तापते.

३. मंद आचेने सुरुवात, दोन-तीन मिनिटांनी मध्यम. पत्र्याच्या भांड्याला मोठी आच जवळपास कधीच लागत नाही. उकळायला दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

४. ढवळायला लाकूड किंवा सिलिकॉन. धातूची पळी लगेच ओरखडा काढतेच असं नाही, पण करडी रेष सोडते. ती रेष म्हणजे पळीचाच घासला गेलेला धातू. खरी हानी होते ती पळी झटकताना. पदार्थ ढवळून झाला की पळी काठावर आपटायची सवय बहुतेकांच्या हातात असते. काठ म्हणजे भांड्याचा सगळ्यात वळलेला भाग आणि काच तिथे सगळ्यात कमजोर. टवके तिथूनच सुरू होतात.

५. सांडशी नको. हे वाक्य शक्य असेल तर शेगडीवर चिकटवून ठेवा. सांडशीचे दोन दात काठाला नेमक्या दोन बिंदूंवर चावतात, आणि भरलेल्या पातेल्याचं सगळं वजन त्या बिंदूंवर येतं. काचेला याहून वाईट काही नाही. जाड फडक्याने किंवा कापडी पकडीने दोन्ही कान धरा. कान नसलेलं पातेलं असेल तर ते आचेवर न वापरता परातीसारखं किंवा साठवणीला वापरावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंडक्शनवर पोलादी आणि बिडाचं एनॅमल चालतं, पण बूड सपाट हवं. गुळगुळीत टाइलवर ठेवून कडेने दाबा. डगमगलं तर चटका एकाच जागी बसेल. "बूस्ट" बटण विसरून जा. काचेच्या शेगडीवर भांडं ओढू नका, उचलून ठेवा. आणि तिथे रिकामं भांडं विसरलात तर एनॅमल मऊ होऊन शेगडीच्या काचेलाच चिकटू शकतं. मग भांडं आणि शेगडी दोन्ही गेली.

> सावधान: पाणी आटून भांडं कोरडं पडलेलं दिसलं तर पहिली प्रतिक्रिया पाणी ओतण्याची असते. तेच करू नका. आच बंद करा, भांडं हलवू नका, तिथेच गार होऊ द्या. "टिक् टिक्" असा आवाज येत असेल तर काच तडकते आहे. जवळ वाकून पाहू नका, कण उडतात.

टोमॅटो, लिंबू, व्हिनेगर घातलेले पदार्थ शिजवायला टवका नसलेलं एनॅमल उत्तम. शिजवून झालं की काढून ठेवा. रात्रभर तसंच ठेवलं तर चांगल्या काचेचीही चकाकी कालांतराने उतरते, आणि कुठे बारीक टवका असेल तर तिथे गंज चालू होतो.

टप्पा ५: स्टोनवेअर आणि उष्णता

साधं स्टोनवेअर थेट आचेवर ठेवायचं नाही. जाळी मध्ये घालूनही नाही. ते दगडासारखं दिसतं म्हणून ज्योत सोसेल असं वाटतं, पण त्याचं दाट अंग इथे तोट्याचं ठरतं: एकदा चीर सुरू झाली की अडायला जागाच नसते. ज्योतीवर चालणारी मातीची भांडी दोन प्रकारची. एक, खास कमी प्रसरण पावणाऱ्या, लिथियमयुक्त खनिजं घातलेल्या मातीची. ती तसं स्पष्ट लिहूनच विकतात. दुसरी, जाडसर वाळू घातलेली बिनग्लेझची सच्छिद्र भांडी, ज्यांतली छिद्रं चीर पुढे पळू देत नाहीत. बाकीच्यांना ओव्हन.

ओव्हनमध्ये भांडं गार असताना ठेवा आणि ओव्हनसकट तापू द्या. फ्रीजमधून काढून तापलेल्या ओव्हनमध्ये घालायचं नाही. मधे किमान अर्धा-पाऊण तास बाहेर. भांडं निम्म्यापेक्षा जास्त भरा. एका कोपऱ्यात थोडासा पदार्थ असला की तो कोपरा गार आणि बाकीचं तापलेलं राहतं. पदार्थ कोरडा पडत असेल आणि मध्येच पाणी घालावं लागलं तर ते उकळतं घाला.

गार जाड मगात उकळतं पाणी ओतल्यावर तडा बाहेरून का जातो, असं लोक विचारतात. आतली बाजू फुगते, बाहेरची अजून गार असते, आणि ताण बाहेरच्या बाजूवर येतो. थंडीच्या दिवसांत तो मग आधी कोमट पाण्याने विसळून घेतला की हा प्रश्न मिटतो.

मायक्रोवेव्हसाठी छोटी परीक्षा: रिकामं भांडं आणि त्याच्या शेजारी पाण्याने भरलेला, मायक्रोवेव्हमध्ये चालतो हे माहीत असलेला कप ठेवा. एक मिनिट चालवा. पाणी गरम आणि भांडं गारच राहिलं तर ठीक. भांडं तापलं तर त्यात पाणी मुरलेलं आहे किंवा माती लहरी शोषते आहे. ते मायक्रोवेव्हमध्ये नको. सोनेरी-रुपेरी काठाचं भांडं या परीक्षेलाही बसवू नका. आणि एनॅमल मायक्रोवेव्हमध्ये कधीच नाही, आत पत्रा आहे.

एनॅमल ओव्हनमध्ये मात्र खुशाल चालतं. ८०० अंशांच्या आसपास भाजलेल्या काचेला ओव्हनचं काहीच वाटत नाही. मर्यादा येते झाकणाच्या प्लास्टिक गाठीची किंवा लाकडी मुठीची. त्या निघत असतील तर काढा.

टप्पा ६: उतरवणं आणि गार होणं

माझ्या मते अर्ध्याहून जास्त नुकसान इथेच होतं, आणि याच टप्प्याला कोणी टप्पा मानत नाही.

गरम भांडं दगडी ओट्यावर टेकवू नका, ओल्या ओट्यावर तर नाहीच. लाकडी पाट, बुचाची चकती किंवा कोरड्या जाड फडक्याची घडी चालेल. फडकं ओलं असेल तर ते गार दगडाइतकंच वाईट.

मग थांबा. पत्र्याच्या एनॅमलला पंधरा-वीस मिनिटं, बिडाच्या एनॅमलला आणि जाड स्टोनवेअरला पाऊण तास ते एक तास. तळहात बाहेरून आरामात ठेवता आला की भांडं सिंकमध्ये जायला तयार. तोवर नळाखाली नाही. घाई असेल तर गरम पाणी घाला, गार नाही.

टप्पा ७: धुणं, आणि करपलेलं काढणं

रोजच्या धुण्याला स्पंज, साबण आणि कोमट पाणी पुरे. तारेची घासणी आणि वाळूयुक्त पावडर टाळा. वाळूतलं क्वार्ट्झ या काचेपेक्षा कठीण असतं. प्रत्येक घासणीला सूक्ष्म ओरखडे पडतात, चकाकी जाते, आणि त्या खरखरीत जागी पुढचं अन्न आणखी चिकटतं. मग माणूस आणखी जोरात घासतो.

करपलं असेल तर:

१. भांडं पूर्ण गार होऊ द्या.
२. करपलेला भाग बुडेल इतकं कोमट पाणी भरा आणि दर लिटरला दोन मोठे चमचे खायचा सोडा घाला.
३. मंद आचेवर उकळी आणून दहा-पंधरा मिनिटं ठेवा. सोडा फेसाळतो, म्हणून काठोकाठ भरू नका.
४. आच बंद करून कोमट होऊ द्या.
५. लाकडी उलथण्याच्या सपाट कडेने ढकला. खरवडायचं नाही, ढकलायचं.

राहिलेल्या भागासाठी हेच दुसऱ्या दिवशी पुन्हा. लोक दुसऱ्या फेरीला कंटाळून सुरी घेतात, तिथे भांडं जातं. स्टोनवेअर असेल तर उकळायचं नाही. सोडा घातलेलं गरम पाणी ओतून रात्रभर ठेवा. भांडं आधी कोमट असावं, गार नको.

चमच्याच्या करड्या रेषा साबणाने जात नाहीत. क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरतात ती आंबट पांढरी पूड) थोड्या पाण्यात कालवून बोटाने चोळा, दोन मिनिटांत धुवा. पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर बसला असेल तर एक भाग व्हिनेगर, चार भाग पाणी, फक्त पंधरा मिनिटं. जास्त वेळ ठेवल्याने जास्त स्वच्छ होत नाही. आम्ल काचेलाच खाऊ लागतं.

चिरा पडलेल्या ग्लेझमध्ये डाग मुरले तर ब्लीच ओतू नका. ते चिरांमधून मातीत शिरतं, आत क्षार साचतात आणि वाळताना ग्लेझला आतून उचलतात. ३ टक्क्यांच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये एक दिवस ठेवून पाहा. डाग गेला तरी चिरा राहतात, म्हणजे ते भांडं कोरड्या वस्तूंपुरतं.

> सावधान: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका. क्लोरीन वायू सुटतो.

टप्पा ८: वाळवणं आणि रचणं

एनॅमल धुतल्यावर लगेच पुसा. काठाखालची वळलेली घडी, कानांचे जोड आणि टांगायचं भोक या तीन ठिकाणी पाणी थांबतं आणि गंज तिथेच लागतो. फडक्याचं टोक बोटावर गुंडाळून काठाखालून एक फेरी मारा.

स्टोनवेअर उलटं नाही, आडवं किंवा जाळीवर तिरकं वाळवा, म्हणजे तळाच्या कडीला हवा लागते. ओलसर कडी असताना एकात एक रचली की कुबट वास धरतो. सच्छिद्र मातीच्या भांड्याला पूर्ण वाळायला एक-दोन दिवसही लागतात. भिजलेलं भांडं ओव्हनमध्ये घातलं तर आतली वाफ ग्लेझ उडवू शकते, आणि फ्रीझरमध्ये घातलं तर मुरलेलं पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं.

रचताना दोन भांड्यांमध्ये कापड किंवा जाडसर कागद. जड भांडं खाली. झाकण उलटं करून बसवा, गाठ आत. चहाचे मग कानाने आकड्यावर टांगू नका. मगाचा कान वेगळा जोडलेला असतो आणि तो जोड हाच त्याचा कच्चा दुवा.

टप्पा ९: टवका उडाला, आता काय

बाहेरच्या बाजूला किंवा बुडाखाली टवका असेल तर भांडं वापरात राहू शकतं. उघडं पोलाद ४०० नंबरच्या सँडपेपरने फक्त त्या जागेपुरतं हलकं घासा, पुसा, भांड्यात थोडं पाणी ठेवून मंद आचेवर ती जागा कोरडी करा आणि त्या जागी खाण्याच्या तेलाचं बोट फिरवा. प्रत्येक धुण्यानंतर तेल. कंटाळवाणं आहे, पण गंज पसरला तर शेजारची काच उचलली जाते.

आतल्या बाजूला टवका असेल तर त्यात शिजवणं बंद. लोहाचा गंज पोटात जाण्याची भीती त्यात फारशी नाही. भीती काचेच्या कणांची आहे. टवक्याची कड कच्ची असते आणि पुढचे तुकडे त्याच कडेवरून, न सांगता सुटतात. टच-अप रंग आणि इपॉक्सी हे दिसायला चांगले, आतून लावायला नाहीत. आच आणि अन्न दोन्हींसाठी ते बनलेले नसतात. असं पातेलं क्लिपा, बॅटऱ्या, शिवणकामाचं सामान ठेवायला द्या.

स्टोनवेअरच्या काठावरचा बारीक टवका सँडपेपरने बोथट करून कोरड्या वापरासाठी ठेवता येतो. तडा गेलेलं भांडं चिकटवून पुन्हा जेवणात आणू नका. गरम पदार्थाने डिंक सैल होतो आणि भांडं हातात उघडतं.

कुंडी करायची असेल तर स्टोनवेअरला डायमंड बिटने भोक पडतं. तळावर चिकटपट्टी लावा, बिट घसरत नाही. वेग कमी ठेवा, पाणी टाकत राहा, गॉगल लावा आणि शेवटच्या दोन-तीन मिलिमीटरला दाब अगदी हलका करा, नाहीतर आतल्या बाजूने मोठा टवका सुटतो. एनॅमलच्या पातेल्याला भोक पाडलं तर त्याच्याभोवतीची काच उडते आणि पत्रा एक-दोन पावसाळ्यांत चाळणी होतो. त्यापेक्षा त्यात झाडाची प्लास्टिकची कुंडी ठेवा आणि साचलेलं पाणी ओतून टाकत जा.